आधी तुमची गाठ दाखवा

छावणी,
गुरुवार, २ मार्च

मामा,

पोचले! गेल्या गुरुवारी ट्रकच्या मागे बटाट्यांच्या पोत्यांवर बसून आले. अंगाला अजून मातीचा वास येतोय आणि मला तो अजिबात धुवायचा नाहीये. इथे फोन चालत नाही हे तू सांगितलं होतंस, पण इतका चालत नाही हे नव्हतं सांगितलंस. दर गुरुवारी सामानाचा ट्रक येतो, तोच पत्रं आणतो आणि तोच नेतो. त्यामुळे आता तुला माझं अक्षर वाचावं लागणार. त्याला मी काय करू? शुद्धलेखनाच्या वेळेला मला झाडावर चढवायचास तूच.

सगळं तू सांगायचास तसंच आहे रे! तीन लांबट खोल्या, मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे दोरावर चढा-उतरायला शिकवायचा तो चौकोनी कडा, ज्याला सगळे ‘कपाट’ म्हणतात. सामानाच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला ओळीने खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका प्रशिक्षकाचं हेल्मेट. तिसऱ्या खिळ्यावर तुझं लाल हेल्मेट अजून तसंच आहे. नऊ वर्षं झाली, त्याला कुणी हात लावत नाही. झाडू मारणारासुद्धा तिथे वळसा घालून जातो. तुझी जागाही कायमची अशी कुणाला दिलेली नाही. दर हंगामाला कुणीतरी उसना प्रशिक्षक येतो आणि जातो.

तर ऐक. दोन एप्रिलला माझी प्रशिक्षकाची परीक्षा. मुख्य कार्यालयातून परीक्षकबाई येणार. पास झाले तर आठ विद्यार्थ्यांची माझी स्वतःची तुकडी आणि ती तुझी रिकामी जागा. मामा, मला हे इतकं हवंय की जेवताना घास तोंडाशी थांबतो.

एकच गोष्ट गंमतशीर वाटते. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी तुकडीतला सगळ्यात नवा विद्यार्थी प्रशिक्षकासमोर उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, “आधी तुमची गाठ दाखवा!” काल एका शिंप्याने माझी गाठ तपासली. त्याच दिवशी सकाळी त्याने पहिल्यांदा दोर हातात धरला होता! मला हसू फुटलं. मोठे सर, म्हणजे छावणीचे मुख्याध्यापक म्हण हवं तर, हसले नाहीत. म्हणाले, “हा नियम तुझ्या मामाने जाता जाता घातलाय.” हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मामीला सांग, लोकरीचे मोजे पुरतात.

तुझी,
खारुताई

*

घर,
मंगळवार, ७ मार्च

खारुताई,

पत्र मिळालं. अक्षर वाचायला मामीचा चष्मा घ्यावा लागला, माझ्याने भागलं नाही. शुद्धलेखनाची आठवण काढलीस म्हणून सांगतो, ‘गंमतशीर’ बरोबर लिहिलं आहेस, बाकीचं देवाच्या हवाली.

इकडे सगळं ठीक. कारखान्यात शाळेच्या बॅगांचा हंगाम सुरू झाला. दिवसाला चारशे बॅगांचे पट्टे मी तीन तीन वेळा ओढून बघतो. टाका उसवला की बॅग बाजूला. सुपरवायझर म्हणतो, “काका, शाळेची बॅग आहे, तिच्यावर कुणी लटकणार नाहीये.” मी म्हणतो, मुलं कशावर लटकतात ते तुला काय माहीत. गुडघा ढग आले की कुरकुरतो. हवामान खात्यापेक्षा तो बरा.

नियमाचं विचारलंस. कंटाळवाणा आहे, कबूल. शिंप्याला गाठीतलं काय कळतं, हेही कबूल. तरी पाळ. ज्या दिवशी हसू येईल त्या दिवशी जरा जास्तच पाळ. आणि विद्यार्थी पुटपुटला तर पुन्हा म्हणायला लाव, मोठ्याने, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल असं.

कपाटाच्या डाव्या धारेखाली एक कट्टा आहे. तो अजून ओला असतो का? सहज विचारलं.

हेल्मेटवरची धूळ पुसली नसशील तर पुसू नकोस.

मामी म्हणते, मोजे धुवायचेही असतात.

मामा

*

छावणी,
बुधवार, १५ मार्च

मामा, मामा, मामा!

आज मी एका बाईला कड्यावरून उलटं उतरवलं आणि ती खाली येऊन म्हणाली, “पुन्हा करू?” हे ‘पुन्हा करू’ ऐकायला मी जन्मभर इथे राहीन, फुकट राहीन, बटाट्यांवर झोपेन!

सांगते. माझ्या सरावाच्या तुकडीत एक सिस्टर आहेत. ऑपरेशन थिएटरमध्ये सव्वीस वर्षं नर्स. मैत्रिणीने पैज लावली म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाई, मी स्टुलावर उभी राहून बल्बसुद्धा बदलत नाही हो.” आज कपाटाच्या माथ्यावर त्यांची पाळी आली. तुला माहीतच आहे, उतरताना सगळ्यात अवघड काय असतं ते. मागे झुकायचं! सगळं अंग ओरडत असतं, कड्याला चिकट, आणि आपण सांगायचं, सोड, मागे रेल, दोरावर बस. सिस्टर म्हणाल्या, “माझ्या पायांना हे मान्य नाही.” मी म्हटलं, “पायांना विचारू नका, त्यांना फक्त सांगा.” दहा मिनिटं गेली. मग त्यांनी डोळे उघडे ठेवून (मिटले नाहीत, बरं का!) मागे अंग टाकलं. दोर ताठ झाला. त्यांनी आधी दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या जोरात हसल्या की ओढ्यावरचे पक्षी उडाले.

मी शाळेत दोन वर्षं भूगोल शिकवला, मामा. फळ्यावर डोंगर काढायचे, तपकिरी खडूने. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मला वाटायचं, झालं शिकवून. इथे फळाच नाही. वारा सुटला की माझं भाषण बंद, हातांनी शिकवावं लागतं. पाऊस आला की अख्खा धडाच बदलतो. मी सांगितलेलं चुकीचं असेल तर दगड तिथल्या तिथे सांगतो, वार्षिक निकालापर्यंत थांबत नाही. आणि विद्यार्थ्याला जमलं की ते त्याच्या खांद्यांत दिसतं. शाळेत कुणाचे खांदे बघितले होते मी?

तुला हे सगळं माहीत आहे. मग तू सोडलंस कसं? गुडघा म्हणू नकोस. मामीने मागे सांगितलंय, तू महिन्यातून दोनदा शिडी लावून गच्चीवरची टाकी धुतोस. टाकीवर चालतो तो गुडघा कपाटावर का चालत नाही?

कट्टा ओला असतो. तू का विचारलंस?

खारुताई

*

घर,
सोमवार, २० मार्च

खारुताई,

तुझ्या मामीच्या पोटात तीळ भिजत नाही. टाकी धुतो ते खरं. टाकीला आठ विद्यार्थी नसतात.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सिस्टर मागे झुकल्या तिथे मी डबा खाली ठेवला. मग दुपारभर पट्टे ओढत होतो आणि हसत होतो. सुपरवायझरला वाटलं मला ताप आला.

खरं सांगू? मीही त्या ‘पुन्हा करू’साठीच जात होतो. माझ्या वेळेला एक टपालातले गृहस्थ आले होते, सहा फूट उंच, भारदस्त मिशा. उतरताना त्यांनी सगळ्या देवांची नावं घेतली, उतरल्यावर माझं घेतलं. शिकवायचं म्हणजे काय, समोरचा घाबरलेला असतो तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहायचं, एवढंच. छपराखाली ते जमत नाही मला. छपराखाली माणूस घाबरलाय हे पटकन दिसत नाही. असो. म्हाताऱ्याला बोलतं केलंस.

परीक्षेचं एक सांगतो. तुला गाठी येतात हे परीक्षकबाईंना माहीत असेल. तू हातात दोर असताना कुणाकडे बघतेस ते त्या बघतील. सगळ्यांशी बोल, पण गाठ मारताना बोलू नकोस. मी हे साधं वाक्य म्हणून लिहिलेलं नाही, दोनदा वाच.

गुडघ्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मामा

ता.क. मामी म्हणते, तिच्या पोटात भरपूर तीळ भिजतात, तुला माहीत नाहीत इतके.

*

छावणी,
गुरुवार, ६ एप्रिल

मामा,

परीक्षा झाली. हवा चांगली होती. सगळे बरे आहेत. मोजे धुतले.

खारुताई

*

घर,
सोमवार, १० एप्रिल

खारुताई,

हे पत्र आहे की तार? अठरा दिवस वाट बघितली आणि हाती आल्या चार ओळी. त्यातली एक मोज्यांची!

तुझ्या मामीने दोन तर्क केलेत. एक, तू आजारी आहेस. दोन, तू प्रेमात पडली आहेस. “कोण असेल?” म्हणून तिने माझ्यामागे दिवसभर भुणभुण लावली. शेवटी मी म्हटलं, शिंपी असेल. आता ती त्या शिंप्याच्या घरच्यांची चौकशी करायच्या बेतात आहे. तेव्हा लवकर खुलासा कर, नाहीतर बिचाऱ्याची धडगत नाही.

मला मात्र दोन्ही पटत नाही. तू आजारी असतीस तर चार पानं लिहून रडली असतीस आणि प्रेमात असतीस तर आठ. हवा चांगली होती असं माणूस कधी लिहितो ते मला माहीत आहे. मीही एकदा असंच पत्र लिहिलं होतं.

काय झालं? नापास झालीस तर झालीस. मला सांग.

मामा

*

छावणी,
गुरुवार, १३ एप्रिल

मामा,

ट्रकचं टायर पंक्चर झालंय. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास लागेल. तेवढ्यात लिहिते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

तू सांगितलेलं मी दोनदा वाचलं. तीनदा वाचलं. आणि तरीही.

कपाटाखाली परीक्षा होती. माझे आठ विद्यार्थी, बाजूला दगडावर परीक्षकबाई वही घेऊन, मोठे सर उभे. वारा होता म्हणून मी जॅकेट घातलेलं. मी जी रंगात आले ना मामा, तशी आयुष्यात आले नव्हते! दोरात इंग्रजी आठाचा आकडा केला, टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवलं, आता ते टोक त्याच आकड्यातून उलटं फिरवून आणायचं, मग गाठ पुरी. तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, “वारा असा असला आणि आमची हाक तुम्हाला ऐकूच आली नाही तर?”

इतका चांगला प्रश्न! मी हातातलं सोडलं आणि दोराला हिसके देऊन बोलायचं कसं ते दाखवायला लागले. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे सैल सोडा. आठही जण एकमेकांचे दोर ओढायला लागले, हसायला लागले, परीक्षकबाईसुद्धा हसल्या. मला वाटलं, जिंकलं! मी वळले, कड्याला हात घातला, एक पाय वर ठेवला.

“थांबा!”

तो आवाज सिस्टरचा होता, पण रोजचा नव्हता. वॉर्डातला होता. “आधी तुमची गाठ दाखवा.”

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? हसून म्हणाले, “झालीये हो सिस्टर.” हसून, मामा!

त्या पुढे आल्या, माझं जॅकेट वर उचललं आणि म्हणाल्या, “झालेली नाही.” दोराचं टोक नुसतं ओवलेलं, खाली लोंबत होतं. मी तशी बारा मीटर वर जाणार होते. वर जाऊन दोरावर रेलणार होते, कसं रेलायचं ते दाखवायला.

दोर बांधण्याच्या भागात शून्य. तो भाग पुन्हा द्यायचा, सात मेला, नव्या तुकडीबरोबर. परीक्षकबाईंनी एवढंच विचारलं, “या बाईंना ओरडायला कुणी शिकवलं?” मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, “नियम तर सगळीकडे लिहिलेला असतो. लोक ओरडत नाहीत.” मला वाटलं, टोमणा मारला.

सिस्टर नंतर माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, थिएटरमध्ये टाके घालायच्या आधी कापसाच्या घड्या मोजायचं काम त्यांचं. एकदा एक घडी कमी भरली. फार मोठे सर्जन होते, ओरडले, तुमची मोजणी चुकली. यांनी पुन्हा मोजलं आणि पुन्हा सांगितलं. घडी आतच होती. “माणूस जेवढा मोठा, तेवढं त्याला मोठ्याने सांगावं लागतं,” म्हणाल्या. मला मोठी म्हणाल्या त्या! मला रडू आलं.

मी पुन्हा परीक्षा देणार नाही. गाठ विसरणाऱ्या माणसाने दुसऱ्यांचे जीव हातात घेऊ नयेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी आहे. बॅग भरून ठेवलीये. पुढच्या गुरुवारच्या ट्रकने येते. शिंप्याचं लग्न दोन वर्षांपूर्वीच झालंय, मामीला सांग.

टायर बसलं.

खारुताई

*

घर,
सोमवार, १७ एप्रिल

खारुताई,

हे पत्र ज्या ट्रकने तुझ्या हातात पडेल, त्याच ट्रकमध्ये तू बसणार आहेस. म्हणून आधीच सांगतो. खाली बस. ड्रायव्हरला चहा दे. तो दोन कप पितो, आणखी एक दे. आणि हे पुरं वाचल्याशिवाय बॅग उचलू नकोस.

गुडघ्याची गोष्ट.

नऊ वर्षांपूर्वी, कपाटाची डावी धार. खाली सात विद्यार्थी, आणि दोर धरायला मोठे सर. मी त्या दिवशी काय शिकवत होतो सांगू? ‘घाई करू नका.’ शपथेवर सांगतो. आकडा केला, टोक ओवलं, आणि एकाने काहीतरी विचारलं. काय ते आता आठवतही नाही. माझीही गाडी तुझ्यासारखीच, एकदा बोलायला लागली की उताराला लागते. सांगत सांगतच वर चढलो. सहा मीटरवर थांबलो, म्हटलं, बघा आता दोरावर कसं रेलायचं. रेललो. आणि दोर माझ्यापासून सरळ निघून गेला. काही तुटलं नाही, काही सुटलं नाही. जे बांधलंच नव्हतं ते सुटणार कुठून?

त्या ओल्या कट्ट्यावर पडलो म्हणून गुडघ्यावर निभावलं. आणखी दोन हात पलीकडे असतो तर हे पत्र लिहायला मी नसतो.

हे सगळं एक वेळ सांगता आलं असतं. पुढचं सांगायला नऊ वर्षं लागली. मोठे सर धावत आले, पांढरेफटक पडलेले, आणि म्हणाले, “माझ्या हातून सुटला का रे?” मी ‘नाही’ म्हणालो नाही. मी डोळे मिटून घेतले. घरी पत्र लिहिलं की पाय घसरला, हवा चांगली होती. हॉस्पिटलमधून सुटल्यावर एकदाच छावणीत गेलो, तो नियम लिहून दिला आणि निघालो. आम्ही दोन पट्टीचे प्रशिक्षक कड्याखाली उभे होतो, सात विद्यार्थी बघत होते आणि एकानेही विचारलं नाही. माझी गाठ तपासायची कुणाची छाती होती? मीच त्यांना तसं करून ठेवलं होतं. मी एवढा मोठा ना!

मोठे सर अजून समजतात की दोर त्यांच्या हातून सुटला. मी रोज चारशे पट्टे ओढतो त्याचं कारण हे आहे.

आता तुझं. तू आणि मी एकच चूक केली. पण तुझ्या तुकडीत, बल्ब बदलायला घाबरणारी एक बाई तुझ्यावर ओरडली. तीन आठवड्यांत तू तिला एवढं शिकवलंस. मला बावीस वर्षांत जमलं नाही. परीक्षकबाईंनी टोमणा नव्हता मारला गं, वेडे. तुझ्या सगळ्या परीक्षेत त्यांना तेवढं एकच आवडलं असेल.

बॅग उलटी कर, कपडे बाहेर काढ. सात मेच्या नव्या तुकडीत मी नाव घातलंय. धंदा, बॅग तपासनीस. वय अठ्ठावन्न. मोठ्या सरांना सांगायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघू.

मामा

ता.क. हे पत्र मामीने वाचलं. नऊ वर्षांत तिलाही माहीत नव्हतं. पत्राची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “टाकीवर चढताना आता मला हाक मारायची.”

*

छावणी,
बुधवार, १७ मे

मामा, अरे लबाडा, म्हाताऱ्या कोल्ह्या!

तुझा ट्रक वळणाआड गेला आणि मी तीनदा ओढा ओलांडून आले, नुसतीच, पायांना करायला काहीतरी हवं म्हणून. पास! मामा, पास! तुझ्याच ट्रकने आलेल्या टपालात कागद निघाला, शिक्क्यासकट. मी तो कमरेच्या पट्ट्याच्या पिशवीत ठेवलाय, चुरगळेल म्हणून मोठे सर ओरडले.

त्या दिवसाचं तुझ्याशी नीट बोलणंच झालं नाही, सगळे सारखे आजूबाजूला. म्हणून लिहिते. तू ट्रकमधून उतरलास तेव्हा मोठे सर सामानाच्या खोलीतून बाहेर आले आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत उभे राहिलात. मग तू म्हणालास, “पोट सुटलं तुझं.” ते म्हणाले, “केस गेले तुझे.” आणि झालं! नऊ वर्षांनी भेटून पुरुष एवढंच बोलतात?

परीक्षकबाईंनी तुझ्या नावाला हरकत घेतली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नातेवाइकाला शिकवणं सगळ्यात कठीण, होऊन जाऊ दे. आणि तू विद्यार्थी म्हणून काय छळलंस रे! “बाई, दोर म्हणजे हाच का?” विचारलंस तेव्हा मी हसू दाबता दाबता मेले.

मी माझी गाठ मारली. एक शब्द बोलले नाही. दोन प्रश्न आले, दोन्हींना म्हटलं, “आधी गाठ, मग उत्तर.” मग सगळ्यात नव्या विद्यार्थ्याने, त्या घड्याळजीने, जवळजवळ किंचाळून माझी गाठ मागितली. तपासली. पुरी होती. तेव्हाच माझ्या छातीतलं ओझं उतरलं.

मग मी तुम्हा सगळ्यांच्या गाठी बघत ओळीने आले. तुझ्यापाशी आले तेव्हा तू मोठ्या सरांकडे बघत होतास. दोर त्यांच्या हातात होता, कपाटाची तीच डावी धार, आणि तू कड्याला हात लावलेला. मी जॅकेट उचललं. टोक लोंबत होतं! मी ओरडले, “मामा, गाठ!” सगळे बघायला लागले. आणि तू हळूच वळलास, हसलास आणि म्हणालास, “शाब्बास. बघत होतो पकडतेस का.”

परीक्षकबाईंनी वहीत लिहिलं. घड्याळजीने टाळ्या वाजवल्या. मोठे सर मात्र हसले नाहीत, दोर गुंडाळायला लागले. ते कधीच हसत नाहीत म्हणा. पण मामा, काय युक्ती! एवढ्या जोखमीची! मी नसती बघितली तर? नाही, मी बघणारच होते, तुला खात्री होती, म्हणून तू ते केलंस. माझ्या कुठल्या परीक्षेत कुणी एवढा विश्वास ठेवला नव्हता माझ्यावर.

सिस्टरचं कार्ड आलंय. लिहितात, बल्ब बदलला.

तुझी प्रशिक्षक भाची,
खारुताई

*

घर,
सोमवार, २२ मे

प्रशिक्षकबाई,

शिक्का मारलेला कागद पिशवीतून काढून पुठ्ठ्यात ठेवा. पेढे नसले तरी मामीने आख्ख्या गल्लीला चहा पाजला आणि प्रत्येकाला सांगितलं की माझी भाची डोंगरावर मास्तरीण झाली. गल्लीला वाटतंय तिथे शाळा आहे. असू दे, आहेच.

आता एक गोष्ट. ती युक्ती नव्हती.

मी गाठ मुद्दाम सोडली नव्हती, खारुताई. आकडा केला, टोक ओवलं, वर बघितलं तर मोठ्या सरांच्या हातात दोर. पुन्हा तीच धार. मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं, तुझ्या हातून सुटला नव्हता रे. शब्द जुळवत राहिलो आणि हात थांबले. कड्याला हात कधी लावला ते मला कळलंही नाही. तू ओरडलीस तेव्हा कळलं. आणि सगळे बघायला लागले तशी उचलली जीभ लावली टाळ्याला, ‘बघत होतो पकडतेस का’. नऊ वर्षांपूर्वी डोळे मिटले होते, या वेळेला दात दाखवले. खोटं तेच.

तू माझ्यावर विश्वास म्हणून जे लिहिलंस ना, ते वाचून मला जेवण गेलं नाही. तू मला खरोखर वाचवलंस. परीक्षेत नाही, खरंच. हे तुला माहीत असायला हवं, कारण पुढे कधी तुला वाटेल की आपण ओरडतो ते उगाच, तेव्हा हे आठव.

घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, मी दोन पत्रं लिहिली होती. एक परीक्षकबाईंना, की वहीतली ती नोंद दुरुस्त करा, चूक खरी होती आणि तिने खरी पकडली. त्यांचं उत्तर यायचंय. माझ्या मते तुझे गुण वाढतील. दुसरं मोठ्या सरांना. त्यात दोन्ही दिवसांचं सगळं लिहिलं, काही राखलं नाही.

त्यांचं उत्तर तुझ्या पत्राबरोबर परवाच पडलं. सगळं मिळून पोस्टकार्डभर. तसंच उतरवतो:

“तुझं पत्र पोचलं. तुला हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी संध्याकाळी दोर मीच गुंडाळला. टोकाजवळ आठाचा एकेरी आकडा तसाच होता, टोक उलटं फिरवलेलंच नव्हतं. तेव्हापासून माहीत आहे. तू सांगशील म्हणून थांबलो, नऊ वर्षं लावलीस. परवाही तोच आकडा सापडला. पोरगी चांगली ओरडते. दुसऱ्या तुकडीला माणूस हवाय. हेल्मेट धुऊन खिळ्यावर ठेवलंय.”

मी ते कार्ड किती वेळ धरून बसलो होतो कुणास ठाऊक. मामीने येऊन हातातून काढून घेतलं, वाचलं आणि आत जाऊन माळ्यावरची माझी जुनी सॅक खाली काढली. शिडीवर चढताना तिने मला हाक मारली, बरं का.

आज कारखान्यात राजीनामा दिला. सुपरवायझर म्हणाला, “काका, आता पट्टे कोण ओढणार?” मी म्हटलं, तू ओढ, तीन तीन वेळा, सवय होईल. एक जूनच्या ट्रकने येतो. बटाट्यांवर जागा ठेवायला सांग.

माझ्या तुकडीत पहिल्या दिवशी कोण सगळ्यात नवा असेल, कोण जाणे. पण त्याची पाळी येईपर्यंत तू समोर उभी राहा आणि मोठ्याने म्हण. मी हसलो तर आणखी मोठ्याने.

मामा